हायड्रोजनची संगत

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कुठल्याही चांगल्या प्लेटिंग शॉपमध्ये एक नियम पाळला जातो. कडक पोलादाचा जॉब झिंकच्या टाकीतून बाहेर आला की तो रात्रभर तसाच पडू द्यायचा नाही. काही तासांच्या आत तो ओव्हनमध्ये गेला पाहिजे आणि १९० ते २२० अंश सेल्सिअसला राहिला पाहिजे. किती वेळ, हे पोलादाच्या ताकदीवर ठरतं. कधी आठ तास, कधी जवळजवळ पूर्ण दिवस. याला बेकिंग म्हणतात. बेकिंगने जॉब चमकत नाही, त्याचं माप बदलत नाही, दिसण्यात काडीचा फरक पडत नाही. विजेचं बिल मात्र वाढतं. म्हणून घाईच्या दिवसांत हात आखडता घ्यावासा वाटतो तो इथेच.

बेकिंग टाळलं तर काय होतं, ते कळायला थोडा वेळ लागतो आणि हीच त्यातली मेख आहे. बोल्ट कसताना काही होत नाही. तपासणीतही तो पास होतो. मग एखाद्या दिवसाने, कधी आठवड्याने, भार तेवढाच असताना तो अचानक तुटतो. ताणला गेल्याची, बारीक झाल्याची खूण नसते. काच तडकावी तसा तुटतो. २०१३ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पुलाच्या नव्या भागात हेच घडलं. जस्ताचा मुलामा दिलेले, अति-मजबूत पोलादाचे ९६ जाड रॉड कसले गेले आणि पुढच्या काही दिवसांत त्यांतले ३२ तुटले. तपासात कारण निघालं हायड्रोजन.

विश्वातला सर्वांत हलका अणू पोलादाचा रॉड तोडतो, ही गोष्ट आता अभियांत्रिकीच्या पुस्तकांत सगळीकडे आहे. मात्र ती अर्धीच आहे. धातूत शिरलेला हायड्रोजन काय करील, हे त्याच्या एकट्याच्या प्रमाणावर ठरत नाही. त्या धातूत आधीपासून मुक्कामाला असलेले ऑक्सिजन, नायट्रोजन आणि कार्बन त्याला कसे भेटतात, यावर बरंच काही अवलंबून असतं. नाशिकसारख्या शहराला हा उरलेला अर्धा भाग जास्त कामाचा आहे. कारण इथे मोटारींचे भाग बनतात, सातपूरला इंधन-इंजेक्शनचं सूक्ष्म काम चालतं आणि ओझरला लढाऊ विमानं तयार होतात.

जॉन्सनची तार

थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६६ च्या सुमारास दाखवून दिलं होतं की पॅलेडियम धातू स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेतो. १८७५ मध्ये विल्यम जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक साधा प्रयोग मांडला. त्यांनी पोलादाची तार काही मिनिटं हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवली. बाहेर काढून वाकवली तर ती मोडली. मोडलेल्या टोकाला पाणी लावलं तर तिथून बारीक बुडबुडे येऊ लागले. आणि तीच तार काही दिवस ठेवून दिली, किंवा गरम केली, तर तिचा चिवटपणा परत आला.

आजच्या प्लेटिंग शॉपचा सगळा व्यवहार या प्रयोगात आहे. ॲसिडमधलं पिकलिंग हायड्रोजन आत घालतं आणि ऊब त्याला बाहेर काढते. लोखंडाला हायड्रोजन मुळात नकोसाच असतो. तो आत राहण्यासाठी ऊर्जा मोजावी लागते, म्हणून थोडं तापवलं की तो निघून जातो.

काही धातूंची रीत याच्या नेमकी उलटी आहे.

जिथे ओव्हन चालत नाही

अतिशय उच्च तापमानाला वितळणाऱ्या धातूंना उच्चतापसह धातू म्हणतात. काटेकोर यादीत पाचच नावं येतात: नायोबियम, मॉलिब्डेनम, टँटॅलम, टंगस्टन आणि ऱ्हेनियम. सैल यादीत टायटॅनियम, झिर्कोनियम, व्हॅनेडियम आणि हाफ्नियमही बसतात. यांपैकी नायोबियम, टँटॅलम, व्हॅनेडियम, टायटॅनियम आणि झिर्कोनियम हे हायड्रोजनला आपणहून ओढून घेतात. तो आत गेला की उष्णता बाहेर पडते, म्हणजे त्याचं आत राहणंच सोयीचं असतं. प्रमाण वाढलं की धातूच्या पोटात हायड्राइडचे ठिसूळ पापुद्रे तयार होतात.

यांतला नाशिकशी थेट नातं असलेला धातू म्हणजे टायटॅनियम. ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. डिसेंबर २००० मध्ये रशियाशी १४० सुखोई-३० एमकेआय विमानांच्या परवाना-उत्पादनाचा करार झाला, आणि २००४ पासून तिथे बनलेली सुखोई हवाई दलाकडे जाऊ लागली. या विमानाच्या सांगाड्यात टायटॅनियमचा वापर मोठा आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरलाच तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए ने उड्डाण केलं. विमानांचं काम वाढतं तसं टायटॅनियमचे छोटे-मोठे भाग करणाऱ्या पुरवठादारांसाठी दार उघडतं, आणि पोलादावर हात बसलेल्या माणसाची फसगत होण्याची जागाही तयार होते.

कारण पोलादाचं बेकिंग टायटॅनियमला लागू पडत नाही. दोनशे अंशांना आठ तास ठेवून त्यातला हायड्रोजन हलत नाही. तो काढायचा तर साधारण ७०० अंशांना, निर्वात भट्टीत तापवावं लागतं. त्यामुळे टायटॅनियमच्या बाबतीत शहाणपण एकच: मुळात तो आत जाऊ द्यायचा नाही.

ते बोलायला सोपं आहे. टायटॅनियमच्या पृष्ठभागावरचा पातळ ऑक्साइडचा थर हायड्रोजनला अडवतो. म्हणून भट्टीतलं वातावरण ऑक्सिजनकडे थोडं झुकलेलं ठेवतात. हायड्रोजनयुक्त भट्टीवायू टायटॅनियमला चालत नाही. पण त्या ऑक्सिजनची किंमत मोजावी लागते. गरम टायटॅनियम ऑक्सिजनही शोषतो आणि त्याच्या अंगावर कडक, तडकणारी त्वचा तयार होते. कारागीर तिला अल्फा केस म्हणतात. ती काढायला नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडचं मिश्रण लागतं. आणि त्या टाकीत धातू उघडा पडला की हायड्रोजन पुन्हा दारात उभा. हे आत जाणं कमी राहावं म्हणून मिश्रणात नायट्रिकचं प्रमाण हायड्रोफ्लोरिकच्या सुमारे दहापट ठेवायचा दंडक आहे. टाकी जुनी झाली, नायट्रिक उतरलं, तर तोच जॉब तेवढ्याच वेळात जास्त हायड्रोजन पिऊन बाहेर येतो. एका अशुद्धीपासून वाचायला दुसरी पत्करायची, दुसरी काढताना पहिली परत येते: टायटॅनियमच्या कामाचा हा रोजचा हिशेब आहे.

शुद्ध धातू आजारी पडला

हायड्रोजन आणि इतर अशुद्धींचं नातं सर्वांत स्पष्ट उलगडलं ते नायोबियममध्ये, आणि तेही एका उलट्या अनुभवातून.

कणांना वेग देणाऱ्या आधुनिक यंत्रांत नायोबियमच्या पोकळ्या असतात. त्यांना कॅव्हिटी म्हणतात. द्रव हेलियमने त्या उणे २७१ अंशांच्या आसपास थंड ठेवल्या की धातू अतिवाहक होतो आणि रेडिओ लहरींची ऊर्जा जवळजवळ वाया जात नाही. कॅव्हिटीत ऊर्जा किती काळ टिकते, याच्या मापाला क्यू म्हणतात. सुरुवातीच्या नायोबियममध्ये ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन बरेच असत. त्यामुळे तो उष्णता नीट वाहून नेत नसे आणि कॅव्हिटीचा एखादा बिंदू तापला की सगळं कोसळे. म्हणून १९८० च्या दशकापासून धातू अधिकाधिक शुद्ध करत नेला गेला. आज कॅव्हिटीच्या पत्र्याची अट अशी असते: वजनाने ऑक्सिजन, नायट्रोजन आणि कार्बन प्रत्येकी दशलक्षात १० भागांहून कमी, हायड्रोजन दशलक्षात २ भागांहून कमी.

धातू शुद्ध झाला आणि १९९० च्या सुमारास एक नवाच आजार समोर आला. कॅव्हिटी हळूहळू थंड केली, विशेषतः उणे १२३ ते उणे १९८ अंशांच्या पट्ट्यात ती रेंगाळली, की तिचा क्यू घसरायचा. तीच कॅव्हिटी भराभर थंड केली तर ठीक असायची. या दुखण्याला नावच पडलं 'क्यू-डिसीज'. कारण पुन्हा हायड्रोजन. ॲसिडने पृष्ठभाग साफ करताना त्यावरचा काही नॅनोमीटरचा ऑक्साइड निघून जातो आणि तेवढ्यात हायड्रोजन आत शिरतो. म्हणूनच हे ॲसिड १५ अंशांच्या खाली ठेवायची पद्धत पडली. पुढे थंडीत तो एकत्र येऊन हायड्राइडची बेटं बनवतो. ही बेटं अतिवाहक नसतात आणि ऊर्जा खातात.

नवल यातलं हे की जुना, कमी शुद्ध नायोबियम या आजाराला तितका बळी पडत नव्हता. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, त्या शुद्धतेनेच धातू हायड्रोजनपुढे उघडा पडला होता.

धावणारा आणि थांबलेला

याचं उत्तर धातूच्या जाळीत आहे. नायोबियमच्या अणूंमधल्या मोकळ्या जागांत ही पाहुणी मंडळी बसतात. ऑक्सिजन, नायट्रोजन आणि कार्बन मोठे. ते खोलीच्या तापमानाला जागचे हलत नाहीत. हायड्रोजन मात्र एका जागेवरून शेजारच्या जागेवर सेकंदाला शेकडो अब्ज उड्या मारतो. घन धातूत त्याचा प्रसार जवळजवळ पाण्यात विरघळलेल्या साखरेइतका वेगवान असतो; तासाभरात तो काही मिलिमीटर सरकतो. म्हणजे पत्र्याच्या या पाठीपासून त्या पाठीपर्यंत जायला त्याला एक पाळीही लागत नाही.

या भटक्याला अचल अणूंचा शेजार आवडतो. मोठा अणू बसला की भोवतालची जाळी ताणली जाते, आणि त्या जागेजवळ हायड्रोजनला कमी ऊर्जेत राहता येतं. कुंभमेळ्याच्या गर्दीत सैरावैरा धावणाऱ्या पोराला ओळखीचं माणूस दिसावं आणि त्याने त्याचं बोट धरून थांबावं, तसा हा प्रकार आहे. १९७६ मध्ये फायफर आणि विप्फ यांनी नायोबियमचा विद्युत रोध मोजून ही पकड किती घट्ट आहे ते काढलं. नायट्रोजनजवळच्या हायड्रोजनची बंधन-ऊर्जा सुमारे ०.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट निघाली. ऑक्सिजनची थोडी कमी. आणि एक नायट्रोजन एकाच हायड्रोजनला धरतो, हेही त्यातून दिसलं.

हा आकडा लहान वाटतो. पण खोलीच्या तापमानाला अणूंची उष्ण धावपळ सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची असते. म्हणजे पकड तिच्या पाचेक पट आहे. इतक्याने हायड्रोजन थांबतो, सुटतो, पुन्हा थांबतो. उणे १७३ अंशांना मात्र तीच पकड उष्ण धावपळीच्या चौदा पट होते. हायड्राइड जमण्याचा जो धोक्याचा पट्टा, नेमका तिथेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन हायड्रोजनला सोडत नाहीत. एकेकटे अडकलेले हायड्रोजनचे अणू एकमेकांना भेटून बेट बनवू शकत नाहीत. न्यूट्रॉनच्या प्रयोगांत तर असंही दिसलं की ऑक्सिजनजवळ अडकलेला हायड्रोजन निरपेक्ष शून्याच्या आसपासही पूर्ण शांत बसत नाही. शेजारच्या दोन जागांमध्ये पुंजभौतिकीच्या वाटेने ये-जा करत राहतो. पण त्या दोन जागांपलीकडे जात नाही.

आता वरच्या अटींचा हिशेब अणूंच्या संख्येत मांडून पाहा. हायड्रोजनचा अणू नायोबियमच्या अणूहून ९२ पट हलका. म्हणून वजनाने दशलक्षात २ भाग म्हणजे अणूंच्या मोजणीत दशलक्षात सुमारे १८४. ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन प्रत्येकी १० भाग म्हणजे अणूंच्या मोजणीत अनुक्रमे ५८, ६६ आणि ७७. बेरीज सुमारे २००. म्हणजे कमाल मर्यादेवरही दोन्ही बाजू जेमतेम बरोबरीच्या. अशुद्धी आणखी उतरवा आणि ॲसिडमधून थोडा हायड्रोजन जास्त येऊ द्या, की मोकळे फिरणारे अणू उरतातच.

मुद्दाम घातलेला नायट्रोजन

यावरचा जुना उपाय म्हणजे कॅव्हिटी ६०० ते ८०० अंशांना निर्वात भट्टीत तापवून हायड्रोजन काढून टाकणं. नवा उपाय अधिक गमतीचा आहे. अमेरिकेतल्या फर्मिलॅबमध्ये ॲना ग्रासेलिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की ८०० अंशांच्या भट्टीत काही मिनिटं किंचित नायट्रोजन सोडला आणि नंतर पृष्ठभाग काही मायक्रोमीटर खरवडला, तर कॅव्हिटीचा क्यू घसरण्याऐवजी कितीतरी वाढतो. वर्षानुवर्षं बाहेर हाकललेली अशुद्धी मोजून परत आणली गेली. यामागे एकापेक्षा जास्त कारणं आहेत. इलेक्ट्रॉनांचा मुक्त प्रवास तोकडा होणं हे एक. नायट्रोजनने हायड्रोजनला धरून ठेवणं आणि मोठ्या हायड्राइडना जमू न देणं हे दुसरं, आणि प्रयोगांचा त्याला भक्कम आधार आहे. स्टॅनफर्डजवळच्या एलसीएलएस-२ या क्ष-किरण लेसरमध्ये अशाच नायट्रोजन-संस्कारित कॅव्हिटी बसवल्या गेल्या, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिथून पहिले किरण निघाले.

हे काम आपल्यापासून फार लांब नाही. फर्मिलॅबच्या पिप-२ या कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या प्रकल्पात भारताचा अणुऊर्जा विभाग भागीदार आहे. होळकरांच्या इंदूरमध्ये, जिथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदतात, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात नायोबियमच्या ६५० मेगाहर्ट्झ कॅव्हिटी घडवल्या गेल्या: पत्रा दाबून आकार देणं, इलेक्ट्रॉन-किरणाने निर्वातात जोडणं, ॲसिडने घासणं, भट्टीत हायड्रोजन काढणं. सातपूरच्या शॉपमधले पिकलिंग आणि बेकिंगच हे. फरक भट्टीच्या तापमानाचा आणि मोजणीच्या बारकाव्याचा.

तारापूरच्या नळ्या

महाराष्ट्रात हायड्रोजनवर सर्वांत कडक पहारा असतो तो पालघर जिल्ह्यात. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत प्रत्येकी ३९२ दाब-नळ्या आहेत. त्या झिर्कोनियममध्ये अडीच टक्के नायोबियम मिसळून केलेल्या असतात. नळीतून सुमारे ३०० अंशांचं जड पाणी दाबाखाली वाहतं. पाणी धातूला हळूहळू गंजवतं आणि त्यातून निघालेल्या जड हायड्रोजनचा, म्हणजे ड्यूटेरियमचा, काही हिस्सा धातूत शिरतो. ३०० अंशांना झिर्कोनियम वजनाने दशलक्षात साठ-सत्तर भाग हायड्रोजन विरघळवून ठेवू शकतं. थंड झालं की एक भागही नाही. उरलेला हायड्राइड होऊन बसतो.

ऑगस्ट १९८३ मध्ये कॅनडातल्या पिकरिंग अणुभट्टीत एक दाब-नळी लांबीभर फाटली. गरम नळी तिला वेढून असलेल्या बाहेरच्या थंड नळीला टेकली होती. हायड्रोजन त्या थंड बिंदूकडे सरकला, तिथे हायड्राइडचे फोड आले आणि तडा गेला. जगभर धडा घेतला गेला. भारतातही जुन्या झिर्कॅलॉय-२ च्या नळ्यांची जागा झिर्कोनियम-नायोबियमने घेतली. काक्रापारच्या दुसऱ्या अणुभट्टीपासून हा बदल झाला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुभट्टी न मोडता नळीच्या आतल्या बाजूचा बारीक कीस काढून हायड्रोजन मोजण्याचं साधन बनवलं. नळ्यांमधलं अंतर राखणाऱ्या सरकलेल्या स्प्रिंग दुरून जागेवर आणण्याचं यंत्रही तिथेच तयार झालं.

पण नळी किती हायड्रोजन पेलू शकेल, हे पुन्हा इतर अशुद्धींवर ठरतं. झिर्कोनियम क्लोराइडमधून धातू काढताना थोडा क्लोरीन मागे राहतो. तो, फॉस्फरस आणि कार्बन धातूचा चिवटपणा कमी करतात; मग तेवढ्याच हायड्राइडला तडा पुढे नेणं सोपं जातं. यावर तोड म्हणजे धातू दोनदा नव्हे, चारदा वितळवणं. क्लोरीन उडून जातो आणि सुरुवातीचा हायड्रोजनही उतरतो. ऑक्सिजन मात्र मुद्दाम, ठरावीक प्रमाणात ठेवतात, कारण तो ताकद देतो. सगळ्याच अशुद्धी हाकलायच्या नसतात. कोणती किती ठेवायची, हेच कौशल्य असतं.

पोलादातही आता हीच दिशा आहे. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये पोलादातले अणू एकेक करून मोजताना हायड्रोजन नायोबियम कार्बाइडच्या कणांच्या कडेला अडकलेला प्रत्यक्ष दाखवला. असे कण जाणीवपूर्वक पेरून हायड्रोजन सहन करणारं पोलाद बनवायचं, हा त्यामागचा विचार.

टीसी कसं वाचावं

हे सगळं शॉप-फ्लोअरवर येतं ते एका कागदाने: मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट, सगळ्यांच्या तोंडी टीसी. ग्रेड-५ टायटॅनियमच्या टीसीवर हायड्रोजनची कमाल मर्यादा ०.०१५ टक्के असते, ऑक्सिजनची ०.२० टक्के. पाहणाऱ्याला वाटतं, हायड्रोजन ऑक्सिजनच्या तेरापट कमी, तो काय करणार! पण हे आकडे वजनाचे आहेत, आणि धातूत अणू वजनावर भांडत नाहीत. संख्येत मांडलं तर हजार अणूंमागे हायड्रोजनचे सुमारे ७ आणि ऑक्सिजनचे सुमारे ६. मर्यादेवरच्या टायटॅनियममध्ये हायड्रोजन संख्येने ऑक्सिजनहून जास्त आहे.

म्हणून नाशिकच्या पुरवठादारांनी आणि त्यांच्याकडून माल घेणाऱ्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. टीसीवरचे हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन हे चारही आकडे एकत्र वाचावेत. टीसी हा मूळ कारखान्यातून निघालेल्या धातूचा दाखला आहे, तुमच्या टाकीतून निघालेल्या जॉबचा नाही; म्हणून ॲसिडमधून गेलेल्या टायटॅनियमचा हायड्रोजन शेवटी पुन्हा मोजावा. नायट्रिक-हायड्रोफ्लोरिकच्या टाकीचं प्रमाण आणि तापमान वहीत रोज लिहिलं जावं. आणि पोलादाच्या बेकिंगचा ओव्हन टायटॅनियमला औषध म्हणून वापरू नये.

क्यू-डिसीजने शास्त्रज्ञांना जे शिकवलं तेच इथे लागू आहे. धातू शुद्ध आहे की अशुद्ध, हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं ते हे की आत कोण आहे, किती आहे आणि त्यांतला कोण मोकळा फिरतो आहे. ओझरच्या विमानाला लागणारा भाग ज्या कारखान्यात घडतो, तिथल्या तपासनीसाला हा प्रश्न रोज विचारता आला पाहिजे, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत माल अडवण्याचा अधिकारही त्याच्या हातात असला पाहिजे.